गावाचा उत्सव आणि गावाची नोंद

‘ग्रामीण संस्कृतीचे जतन आणि संवर्धन’ हा शब्दप्रयोग आपल्या महाविद्यालयीन जगात इतका रुळला आहे, की तो उच्चारणाऱ्याच्या मनात त्या वेळी नेमके कोणते गाव असते, असे विचारण्याची सोयच उरलेली नाही. विद्यापीठाचा युवक महोत्सव असो, वार्षिक स्नेहसंमेलन असो, की वर्षाअखेरीस निघणारे नियतकालिक असो. उद्घाटकाच्या भाषणात, संपादकीयात आणि प्राचार्यांच्या मनोगतात तो येतो, टाळ्या पडतात आणि कार्यक्रम पुढे सरकतो. आम्ही मराठी विषय शिकवणारे, आणि बहुतेक जण तालुक्याच्या गावी शिकवणारे आहोत. आमच्या वर्गातली निम्म्याहून अधिक मुले-मुली एस.टी.ने नाहीतर सहाआसनी रिक्षाने आसपासच्या खेड्यांतून येतात. त्यामुळे हा विषय आमच्यापुरता तरी चर्चासत्राचा नाही. ज्या तरुणांच्या लेखनातून आणि कलेतून ग्रामीण संस्कृतीचा उत्सव साजरा होतो असे सांगितले जाते, ते आमच्या समोरच्या बाकांवर बसलेले असतात. आमचे म्हणणे असे, की हा उत्सव त्या तरुणांना बोलते करीत नाही. तो त्यांना गप्प करतो. तो त्यांच्या तोंडून त्यांच्या आजोबांचे गाव वदवून घेतो, आणि त्यांचे स्वतःचे गाव पोटातच ठेवायला शिकवतो.

हे विधान कोणाला अतिरेकी वाटेल. म्हणून प्रथम चित्रकलेकडे पाहू, कारण तेथे गोष्ट डोळ्यांना दिसते. ‘ग्रामीण जीवन’ असा विषय भित्तिचित्र स्पर्धेला दिला, की वीसपैकी पंधरा चित्रांत दोन डोंगरांमधला सूर्य असतो, कौलारू घर असते, डोक्यावर दोन घागरी घेतलेली स्त्री असते आणि बैलगाडी असते. दुष्काळी पट्ट्यातल्या मुलांच्या चित्रात नारळाचे झाडसुद्धा असते. ते त्यांनी घराजवळ कधी पाहिलेले नाही, पण चित्रांत पाहिलेले आहे. याच मुलांच्या गावी एप्रिलपासून टँकर येतो. दारोदार निळे प्लॅस्टिकचे ड्रम मांडलेले असतात, कोणाच्या ड्रमावर रंगाने नाव लिहिलेले असते, कोणाच्या ड्रमाला कुलूप असते. हा निळा रंग, ही नावे, हे कुलूप यांत चित्राचा केवढा ऐवज आहे! पण तो कागदावर उतरत नाही. मुलांना दिसत नाही असे मुळीच नाही. ‘ग्रामीण’ या शब्दात तो बसत नाही, असे त्यांना आधीच शिकवून झालेले असते.

वारली चित्रशैलीचे आम्ही जे केले आहे, ते याहून बोलके आहे. आज महाविद्यालयाची संरक्षक भिंत रंगवायची म्हटले, की गेरूच्या रंगावर पांढऱ्या त्रिकोणांची माणसे आणि तारप्याभोवती फिरणारा नाच ठरलेलाच. ठाणे-पालघर भागातल्या वारली समाजात हे चित्र लग्नप्रसंगी सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढीत. त्यातला चौक, चौकातली पालघट देवी ही विधीचा भाग होती. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी हे चित्र विधीबाहेर आणले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ती त्यांनी जुनी नक्षी तंतोतंत गिरवली म्हणून नव्हे. त्यांनी आपल्या भोवतीचे मासेमारीचे जाळे चित्रात आणले. जे समोर दिसले त्याला रेषा दिली. आमचे विद्यार्थी मात्र त्या शैलीचा साचा घेतात आणि त्या साच्यात स्वतःचे काहीही घालत नाहीत. आणखी एक गोष्ट. ज्या वारल्यांचा नाच आम्ही भिंतीवर काढतो, त्याच वारल्यांनी १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक मराठीत १९७० पासून उपलब्ध आहे, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला आहे. महाविद्यालयाच्या भिंतीवर तो उठाव चितारलेला आमच्या पाहण्यात नाही. नाचणारा वारली आपल्याला संस्कृती वाटतो. वेठ नाकारणारा वारली संस्कृतीत मोडत नाही.

लेखनाकडे वळलो तरी चित्र फारसे बदलत नाही. नियतकालिकांच्या मराठी विभागात गावावरचे लेखन दोन साच्यांतून निघते. पहिला साचा गोड गावाचा. त्यात माती गंध देते, सर्जा-राजा डुलतात, आजी गोष्टी सांगते, चुलीवरची भाकरी असते आणि शेवटी ‘ते दिवस गेले’ अशी हळहळ असते. लिहिणारा अठरा वर्षांचा. ‘ते दिवस’ त्याने पाहिलेच नाहीत. दुसरा साचा रडव्या गावाचा. त्यात भेगाळलेली जमीन, कर्ज, झाड आणि दोर असतो. १९८६ च्या मार्चमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी पत्नी-मुलांसह जीवन संपवले, त्या घटनेपासून शेतकरी आत्महत्या हा महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनावरचा न पुसणारा डाग आहे. त्यावर लिहू नये असे आम्ही म्हणत नाही. पण एकांकिका स्पर्धेत दोर हा हुकमी प्रसंग झाला, कवितेत ‘बाप’ हा हमखास टाळी घेणारा शब्द झाला, की त्या मृत्यूचे काय उरते? गोड साचा आणि रडवा साचा परस्परविरोधी दिसतात, पण त्यांचे काम एकच आहे. दोहोंतही गाव म्हणजे एक भावना आहे. गावात कोणते काम कोण करतो, त्याचे किती पैसे मिळतात, ते कोण देतो, कोणाच्या अंगणात कोण जात नाही, यांतले काहीही लिहिणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज दोन्ही साच्यांत पडत नाही.

एक अनुभव येथे सांगायला हवा. आमच्या ओळखीच्या एका विद्यार्थिनीने, द्वितीय वर्षात असताना, आपल्या घरच्या पाण्याविषयी चार पाने लिहिली होती. आजोबांनी खणलेली विहीर पन्नास फूट. वडिलांनी घेतलेली बोअर अडीचशे फूट. थोरल्या भावाने घेतलेली साडेसातशे फूट, तीही फेल. कोणत्या बोअरला पैसे कोठून आणले, पाणाड्याने नारळ तळहातावर ठेवून जागा कशी दाखवली, तिसऱ्या बोअरच्या रात्री पाइपातून नुसती पांढरी धूळ निघू लागल्यावर गाडीवाल्यांसाठी आईने चहा कसा ठेवला, हे सारे तिने सरळ सांगितले होते. विशेषण म्हणून नव्हतेच. एका महाविद्यालयाच्या संपादक मंडळाने ते परत केले. शेरा होता, ‘ललित वाटत नाही’. त्याच अंकात ‘माझा गाव’ या शीर्षकाच्या तीन कविता छापल्या गेल्या. महाविद्यालयाचे नाव सांगण्यात आम्हांला रस नाही, कारण हा शेरा कोठेही पडला असता. तीन पिढ्यांचे अर्थशास्त्र, भूगर्भ, श्रद्धा आणि आईचा तो चहा हे सारे ज्या चार पानांत आले, ते ललित नसेल, तर ‘ललित’ या शब्दाची व्याख्या तपासून घ्यावी लागेल.

वास्तविक मराठी ग्रामीण साहित्याची परंपरा उत्सवाची नाही. ती सुरू झाली तीच झाडाझडतीने. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ सिद्ध केला, तेव्हा त्यांनी शेतकऱ्याचे कपडे, त्याचे अन्न, त्याचे घर आणि त्याच्यावरचे सरकारी-धार्मिक देणे यांचा हिशेब मांडला. १८८५ साली ग्रंथकार सभेला त्यांनी पाठवलेल्या पत्राचा रोखही हाच, की ज्यांच्या कष्टांचा ग्रंथांत पत्ता नाही, त्यांनी अशा ग्रंथकारांच्या मेळ्यात का यावे? पुढे श्री. म. माट्यांच्या ‘उपेक्षितांचे अंतरंग’मध्ये (१९४१) आणि व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मध्ये (१९४९) व्यक्ती आल्या त्या नाव, धंदा, खोडी आणि उपासमारीसह आल्या. आनंद यादवांच्या ‘झोंबी’त (१९८७) तर शाळेत जाण्यासाठी स्वतःच्या बापाशी झुंजणारा मुलगा आहे, गावगाड्याच्या गोडव्याला त्या पुस्तकात जागा मिळणे अवघडच होते. हे सारे लेखक गावावर प्रेम करणारे होते, पण त्यांनी त्या प्रेमाला डोळे मिटू दिले नाहीत. आज त्यांची पुस्तके अभ्यासक्रमात लावायची आणि त्यांच्या नेमके उलट लेखन विद्यार्थ्यांकडून करवून घ्यायचे, ही विसंगती आमच्या विषयाच्या मंडळींना खटकायला नको का?

ही परंपरा थांबलेली नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ १९७१ साली आली. तीत एका खेड्यातल्या शिंप्याच्या कुटुंबाची वाताहत त्याची बायको मराठवाडी बोलीत सांगते. त्यानंतर त्रेपन्न वर्षांनी, २०२४ साली, साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तुळजापूरच्या देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ला मिळाला, तीही शिलाईकाम करणाऱ्याची कादंबरी आहे, तयार कपड्यांच्या बाजारात त्याची मशीन कशी मुकी होत जाते याची आहे, आणि लेखक स्वतः शिलाईकाम करून जगलेला आहे. मराठवाड्याच्याच मातीत, अर्ध्या शतकाच्या अंतराने, त्याच व्यवसायाची दोन पुस्तके! ती शेजारी ठेवून वाचली तर ग्रामीण संस्कृती म्हणजे काय आणि ती कशी बदलते, याचा जो धडा मिळतो, तो दहा महोत्सवांतून मिळणार नाही. २०१८ चा युवा पुरस्कार मिळालेली नवनाथ गोरे यांची ‘फेसाटी’ जत तालुक्याच्या दुष्काळातून आणि तेथल्या बोलीतून आलेली आहे. याच गोरे यांचे तासिका तत्त्वावरील अध्यापनाचे काम २०२० च्या टाळेबंदीत सुटले आणि त्यांना शेतमजुरी करावी लागली, हे आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले. ग्रामीण तरुणाच्या लेखनाचा सन्मान कोठे संपतो आणि त्याचे जगणे कोठे सुरू होते, ते यावरून उमजावे. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मधला (२००२) एकनाथ शिकून-सवरून नोकरीविना शेतावर परततो. आमच्या वर्गातल्या कित्येक मुलांच्या पुढे हाच रस्ता आहे, आणि त्यांच्याकडून आम्ही मागतो काय, तर पावसाळ्याचे वर्णन.

भाषेच्या प्रश्नात हा दुटप्पीपणा अधिक उघडा पडतो. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. त्यानंतर बोलींच्या समृद्धीवर जितकी व्याख्याने झाली, तितकी पूर्वी क्वचितच झाली असतील. पण व्याख्यानात समृद्ध असलेली बोली मुद्रितशोधनाच्या टेबलावर अशुद्ध ठरते. विद्यार्थ्याने ‘मपल्या’, ‘व्हतं’, ‘इचारलं’ असे लिहिले, की लाल शाई चालते. आणि हीच रूपे विनोदी एकांकिकेतल्या गावंढळ पात्राच्या तोंडी आली, की चालतात. म्हणजे बोली हसण्यासाठी चालते, विचार करण्यासाठी नाही. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर वर्षभराने, पुस्तकरूपाने आली. ती आपल्यापर्यंत पोहोचली, कारण घरातल्या कोणीतरी ती त्यांच्या तोंडून निघाली तशी टिपून ठेवली होती. टिपणाऱ्याने ती ‘सुधारून’ घेतली असती, तर आज अभ्यासक्रमात लावायला आपल्याजवळ काय असते?

बोलीतला एखादा शब्द किती सांगू शकतो, याचे एकच उदाहरण देतो. लोकनृत्याच्या स्पर्धेत ऊसतोडीचे नृत्य असते. मुलींच्या हातांत पुठ्ठ्याचे, चंदेरी कागद लावलेले कोयते असतात, ठेका जोरदार असतो. बीड जिल्ह्यात ‘कोयता’ या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथे कोयता म्हणजे जोडपे. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. दोघांपैकी एकटाच गेला तर अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. स्त्री ही स्वतंत्र मजूर म्हणून मोजलीच जात नाही, ती अर्ध्या हत्याराच्या रूपाने हिशेबात येते. २०१९ साली बीडमधील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, त्यावर समिती नेमली गेली. त्या साऱ्या प्रश्नाचे मूळ या एका शब्दाच्या पोटात आहे. दिवाळीनंतर ज्यांचे आई-वडील कारखान्यावर जातात आणि ज्या आजीजवळ राहून परीक्षा देतात, अशा मुली आमच्या वर्गांत आहेत. त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पुठ्ठ्याचा कोयता हातात देऊन त्यांना नाचायला लावण्याऐवजी ‘कोयता’ या शब्दावर दोन पाने लिहायला सांगितली, तर ती पाने कोणत्याही समाजशास्त्रीय अहवालाच्या तोडीस उतरतील. आणि अहवालाला जे साधत नाही, तेही त्यांत येईल.

उत्सवातून जी गोष्ट सर्वांत सफाईने वगळली जाते, ती म्हणजे जात. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली होती. खेडे हे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर आहे, असा त्यांचा आशय होता. त्या मताशी वाद घालता येईल, पण ते जणू उच्चारलेच गेले नाही असे समजून ग्रामसंस्कृतीवर भाषणे करता येणार नाहीत. दया पवारांच्या ‘बलुतं’ने (१९७८), लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने (१९८०), किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ने (१९९४) जे गाव दाखवले, तेही ग्रामीणच आहे. आम्ही मात्र ‘ग्रामीण’ आणि ‘दलित’ असे दोन स्वतंत्र पेपर शिकवतो आणि महोत्सवात हलगीला पहिले बक्षीस देतो. हलगीला मंचावर मान मिळाला, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती कोणी वाजवायची आणि कोणाच्या दारात, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले होते. आणि कित्येक घरांनी ती विचारपूर्वक खाली ठेवली, हाही संस्कृतीचाच इतिहास आहे. ज्याच्या आजोबांनी हलगी सोडली, त्या मुलाला ते का सोडले हे लिहायला कोणत्या स्पर्धेत जागा आहे? पोतराज, मुरळी, वासुदेव यांची वेशभूषा करून रंगमंचावर चक्कर मारणाऱ्या मुलांना त्या वेशामागचे सक्तीचे जगणे कोणी सांगितलेले असते का? नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला (२०१३) जब्या शाळेतल्या मुलांसमोर घरचे काम करावे लागू नये म्हणून धडपडतो. आपला उत्सव नेमके तेच काम त्याला झगमगत्या दिव्यांत, कौतुकाच्या टाळ्यांत करायला सांगतो, आणि त्याला ‘ओळखीचा अभिमान’ असे नाव देतो.

येथे काही आक्षेप येणार, ते आम्ही जाणून आहोत. पहिला असा, की तुम्हांला आनंदाचे वावडे आहे. गावात सण नाहीत का, गाणी नाहीत का, मुलांनी हसू नये का? आहेत, आणि हसावेच. पण खरा आनंद तपशिलाने येतो. बेंदराला अंगण सारवताना बहिणींत लागलेली चढाओढ, जत्रेतल्या कुस्तीला मिळालेला नारळ आणि शंभराची नोट, व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवण्यासाठी बैलासोबत फोटो काढताना बैलाने दिलेली ढुशी, हे लिहिले तर आम्ही सर्वांत आधी वाचू. आमचा विरोध आनंदाला नाही. दुसऱ्याच्या आनंदाच्या नकलेला आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. महोत्सवामुळे खेड्यातल्या मुलींना प्रथमच घराबाहेर मुक्काम करता येतो, मंचावर उभे राहता येते, ‘गावठी’ म्हणून जिची टर उडवली जाते तिला त्याच गावठीपणाचे पदक मिळते. हे तुम्ही काढून घेणार का? मुळीच नाही. या मंचाचे मोल आम्ही जाणतो. जिने कधी माइक धरला नव्हता, तिने तो धरणे हेच मोठे असते. म्हणूनच तर विचारतो, की इतक्या मोलाने मिळालेल्या माइकवर तिने स्वतःचे काही का बोलू नये?

तिसरा आक्षेप आमच्याच व्यवसायबंधूंचा. मुले वाचत नाहीत, त्यांना लिहिता येत नाही, साचा दिला नाही तर पान कोरे राहते. हे आम्हांला मान्य नाही. ज्या मुलाला कविता सुचत नाही, तो दूध संकलन केंद्रावर फॅट आणि एस.एन.एफ.च्या आकड्यावरून रोज सकाळी होणारे भांडण शब्दशः सांगू शकतो. ज्या मुलीला निबंधाला विषय सापडत नाही, ती कांद्याच्या पट्टीतली हमाली आणि तोलाई तोंडपाठ म्हणते. या मुलांजवळ ऐवज भरपूर आहे. तो वाङ्मयात मोजला जातो, हेच त्यांना कोणी सांगितलेले नाही.

मग करायचे काय? आमच्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांना निधी लागत नाही. महाविद्यालयीन नियतकालिकांनी गावाविषयीच्या लेखनात नोंदीला मानाचे स्थान द्यावे: एखाद्या कामाची, एखाद्या वस्तूची, एखाद्या शब्दाची, एखाद्या हिशेबाची नोंद. नोंद म्हणजे कोरडा अहवाल नव्हे. जे पाहिले ते क्रम न मोडता, नाव न चुकवता, हळहळ न ओतता सांगणे, ही गद्याची पहिली आणि बहुधा शेवटची परीक्षा आहे. माडगूळकरांचे सारे सामर्थ्य याच परीक्षेतून आलेले आहे. बोलीतले लेखन बोलीतच छापावे. अनोळखी शब्दांचे अर्थ पानाच्या तळाशी द्यावेत, त्यांना प्रमाण रूपे चढवू नयेत. नियतकालिकाचे शुल्क सर्व विद्यार्थी भरतात; त्यांच्या भाषेला त्यांच्याच पैशांनी लाल शाई लावण्याचा अधिकार कोणाला नाही.

लोककलांच्या बाबतीत एक नियम पाळावा: जिच्याकडून गाणे घेतले, तिचे नाव आणि गाव मंचावरून सांगावे. हेमा राइरकर आणि गी पॉइतवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या कामाचे वेगळेपण हे, की ओवीपाशी ती गाणाऱ्या स्त्रीचे नाव आणि गाव टिकून राहिले. आमच्या मंचावर थर्मोकोलचे जाते असते, ओवी असते, आणि खाली ‘पारंपरिक’ असा एक शब्द असतो. त्या एका शब्दात किती बायका गाडल्या गेल्या, याचा हिशेब कोणी मांडावा? ज्या मुलीने ओवी गायली तिची आजी घरी जिवंत आहे, तिला आणखी चाळीस ओव्या येतात, आणि त्या लिहून घेण्याचे काम त्या मुलीला कोणीही सांगितलेले नाही.

हे काम सांगण्याची सोय आता अभ्यासक्रमातच आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभागाचे उपक्रम यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. ते प्रकल्प आंतरजालावरून उतरवलेल्या माहितीने आणि रंगीत मुखपृष्ठांनी भरून काढायचे, की एका गावातल्या विहिरींची, शेतांच्या नावांची, सुटलेल्या आणि टिकलेल्या धंद्यांची, आजीच्या ओव्यांची नोंद करण्यासाठी वापरायचे, हे कोणत्याही मंत्रालयाने नव्हे, मराठी विभागांनी ठरवायचे आहे. भारतीय ज्ञानप्रणालीच्या नावाखाली प्राचीन ग्रंथांची सूची पाठ करवून घेण्यापेक्षा पाणाड्या जागा कशी सांगतो आणि तो किती वेळा चुकतो, हे मुलांनी मोजून आणले तर ज्ञानाची अधिक सेवा होईल.

परीक्षकांना आमची विनंती अशी. ‘ग्रामीण’ विषयावरचे पुढचे लेखन, चित्र वा एकांकिका तपासताना एकच प्रश्न विचारून पाहावा: हे या मुलाने पाहिले असल्याशिवाय त्याला सांगता आले असते का? उत्तर ‘होय’ असेल, तर कारागिरी कितीही सफाईदार असली तरी पहिला क्रमांक देऊ नये. उत्तर ‘नाही’ असेल, तर शुद्धलेखनाच्या चुका मोजत बसू नये.

गाव झपाट्याने बदलते आहे, आणि त्या बदलाचे साक्षीदार आज अठरा-वीस वर्षांचे आहेत. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, लग्नासाठी स्थळ येत नाही म्हणून शहरात सुरक्षारक्षकाची नोकरी धरणारे, उसाच्या फडात हार्वेस्टर आल्यावर आई-वडिलांच्या उचलीचे काय होणार याचा अंदाज बांधणारे हे तरुण जे पाहत आहेत, ते पुन्हा कोणाला पाहायला मिळणार नाही. त्यांच्याकडून आजोबांचे गाव लिहवून घेण्यात आम्ही ही पिढी दवडली, तर २०२० च्या दशकातील महाराष्ट्राच्या खेड्याविषयी पुढच्या अभ्यासकाला आमच्या नियतकालिकांत काहीही सापडणार नाही. सापडेल तो दोन डोंगरांमधला सूर्य. यंदाच्या अंकांसाठी साहित्य मागवण्याच्या सूचना लवकरच फलकावर लागतील. त्या सूचनेत ‘कविता, कथा, ललित लेख’ यांच्या पुढे ‘नोंदी’ हा एक शब्द वाढवावा, आणि विद्यार्थी ‘कशाच्या?’ असे विचारायला आले, की त्यांच्यासमोर बसून त्यांना त्यांच्या गावाविषयी विचारावे.